लाकीचा धूर आणि एक सीलबंद पेटी

सुरुवातीलाच एक घोळ निस्तरलेला बरा. लाकी नावाचा डोंगर १७८३ साली फुटलाच नव्हता. तो बापडा मध्ये उभा होता. त्याच्या दोन्ही अंगांनी २७ किलोमीटर लांब जमीन उसवली आणि नाव मात्र त्याच्या माथी आलं. भांडण शेजाऱ्यांचं आणि पंचनाम्यात पत्ता मधल्या घराचा, तसं. आइसलँडची माणसं या उद्रेकाला ‘स्काफ्तारएल्दार’ म्हणतात, म्हणजे स्काफ्ता नदीच्या आगी. बाहेरच्या जगात मात्र लाकीच रूढ झालं, म्हणून मीही तेच वापरतो.

या डोंगरावर जायचं खूळ माझ्या डोक्यात बरीच वर्षं होतं. कोपनहेगनला नोकरी करणाऱ्या भाच्याने शेवटी ते मनावर घेतलं आणि एका ऑगस्टमध्ये आम्ही दोघं रेक्याविकहून भाड्याच्या गाडीने निघालो. बेटाला वळसा घालणारा एक नंबरचा रस्ता धरायचा, वीक गाव मागे टाकायचं, काळ्या वाळूचं एक ओसाड मैदान ओलांडायचं. त्यानंतर अचानक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जमीन फुगायला लागते. कुणीतरी हजारो गोधड्या वाळत टाकाव्यात आणि विसरून जावं, अशी ती फुगीर, मऊ, करडी-हिरवी जमीन क्षितिजापर्यंत जाते. भाच्याने गाडी थांबवली. “मामा, हे सगळं तुझं लाकी,” तो म्हणाला.

वरचं मऊ दिसतं ते शेवाळ. कोरडं असलं की करडं, पाऊस पडला की हिरवंगार. त्याखाली लाव्हा आहे, दगड होऊन थिजलेला. हे मैदान सुमारे ६०० चौरस किलोमीटरचं. बृहन्मुंबईचं क्षेत्रफळ ६०३ चौरस किलोमीटर भरतं, तेव्हा कुलाब्यापासून दहिसरपर्यंत आणि वर्सोव्यापासून मुलुंडपर्यंत सगळी मुंबई त्याखाली गेली असं समजा. आणि लाव्हा किती? पंधरा घन किलोमीटरच्या आसपास. हा आकडा माझ्या तरी डोक्यात शिरत नव्हता, म्हणून धरणाच्या भाषेत मांडून पाहिला. कोयना काठोकाठ भरली की १०५ टीएमसी. अशा पाच कोयना, पाण्याऐवजी वितळलेल्या दगडाने भरलेल्या.

मुक्काम क्लोइस्तुरला. गावाचं पूर्ण नाव किर्क्युबायर्क्लोइस्तुर. ते भाच्यालाही जमेना आणि तिथली माणसंही ते रोज उच्चारत नाहीत. ११८६ ते १५५० या काळात इथे बेनेडिक्टाइन जोगिणींचा मठ होता, त्यावरून नाव. एक पेट्रोल पंप, एक दुकान, एक शाळा, मागे हिरवा कडा आणि त्यावरून पडणारा धबधबा. गावाच्या कडेला ‘किर्क्युगोल्फ’, म्हणजे चर्चची फरशी. प्रत्यक्षात ते कधीच कुणी घातलेलं नाही. बेसॉल्टचे षट्कोनी खांब जमिनीत उभे आहेत आणि त्यांची फक्त डोकी वर दिसतात. अंधेरीची गिल्बर्ट हिल पाहिलेल्या माणसाला हे खांब नवे नाहीत. तिथे ते बाजूने दिसतात, इथे वरून. लाव्हा निवताना आक्रसतो आणि त्याला अशा कोनाकोनांच्या भेगा पडतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी एफ २०६. आइसलँडमध्ये ‘एफ’ लागलेला रस्ता म्हणजे डोंगराळ कच्चा रस्ता. तो उन्हाळ्यातले तीन-चार महिनेच उघडा असतो आणि त्याला पूल असतीलच असं नाही. क्लोइस्तुरहून लाकीपर्यंत सुमारे पन्नास किलोमीटर आणि वाटेत नद्या गाडीनेच ओलांडायच्या. गाडी देणाऱ्या मुलीने हसतमुखाने बजावलं होतं, की इंजिनात पाणी शिरलं तर विमा नाही. पहिल्या नदीशी आम्ही चांगली वीस मिनिटं नुसते उभे राहिलो. पात्र रुंद असेल तिथे पाणी उथळ, अरुंद असेल तिथे खोल, एवढं ज्ञान दोघांनाही होतं आणि धीर एकालाही नव्हता. शेवटी मागून उंच चाकांची एक बस आली, कुठून गेली ते नीट बघून घेतलं आणि तिच्याच वाटेने आम्ही पार झालो. भाच्याने पलीकडे गेल्यावर सोडलेला सुस्कारा मला अजून आठवतो.

वाटेत मेंढ्या. एक आई आणि दोन कोकरं, हे कुटुंब जणू सरकारने ठरवून दिल्यासारखं सगळीकडे दिसतं. उन्हाळाभर त्या मोकळ्या चरतात. या मेंढ्यांकडे मी जरा जास्तच वेळ बघत होतो. त्याचं कारण पुढे येईल.

लाकी ८०० मीटरहून थोडा उंच. गाडीतळापासून तास-पाऊण तासाची चढण. वारा असा, की टोपी हातात धरूनच चालावं. माथ्यावर पोचलो आणि नैऋत्येकडे बघितलं. पाभरीने एकच सरी ओढावी आणि तिच्यात ढेकळं उभी राहावीत, तशी विवरांची ओळ थेट दिसेनाशी होईपर्यंत गेली होती. वळून ईशान्येकडे पाहिलं तर तीच ओळ वात्नायोकुल हिमनदीच्या दिशेने पुढे. एकशे तीसहून अधिक विवरं. काही लाल, काही काळी, काही शेवाळाने मऊ झालेली, एकात तर निळंशार तळं. कल्पनेतला ज्वालामुखी शंकूसारखा असतो, वर तोंड आणि तोंडातून धूर. इथे तसं काही नाही. इथे जमिनीला शिवण होती आणि ती उसवली.

आपल्या मराठी माणसाला हे दृश्य परकं वाटायला नको. आपण ज्या दगडावर राहतो, ज्यातून किल्ले बांधले, लेणी कोरली, तो असाच भेगांमधून आला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनमध्ये लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. आज ते जवळपास पाच लाख चौरस किलोमीटरवर आहेत आणि सह्याद्रीचे कडे पायऱ्या-पायऱ्यांचे दिसतात ते त्यामुळेच. धुळे-नंदुरबारकडे शेतांमधून काळ्या दगडाच्या सरळ भिंती मैलोन्मैल जातात. त्या कुणी बांधलेल्या नाहीत. जमिनीतल्या भेगांमध्ये थिजलेला तो लाव्हा आहे, भोवतीचा दगड झिजला आणि भिंत उरली. माणसाने प्रत्यक्ष पाहून तपशिलाने लिहून ठेवलेल्या इतिहासात दख्खनच्या जवळ जाणारा उद्रेक शोधायचा तर लाकीपाशीच यावं लागतं. तरी दख्खनच्या एकेका मोठ्या प्रवाहापुढे लाकी म्हणजे चूळ.

८ जून १७८३. रविवार, पेंटेकॉस्टचा सण. सकाळ स्वच्छ होती. मग उत्तरेकडून काळा ढग आला, घरात अंधारलं आणि राख पडू लागली. हे सगळं आपल्याला कळतं ते योन स्तेइंग्रिम्सन या क्लोइस्तुरच्या पाद्र्यामुळे. तो रोजच्या रोज पाहत होता आणि लिहीत होता. त्याने लिहिलेली पहिली भीतीदायक गोष्ट आगीची नाही, पाण्याची आहे. स्काफ्ता ही मोठी, हिमनदीची नदी दोन-तीन दिवसांत आटली. आणि १२ जूनला तिच्या घळीतून लाव्हा बाहेर पडला. ज्या पात्रातून पिढ्यान्‌पिढ्या पाणी आलं, त्याच पात्रातून. शेतं, घरं, चर्चं त्याखाली गेली. उद्रेक चालला आठ महिने, ७ फेब्रुवारी १७८४ पर्यंत.

आता खरी गोष्ट. या लाव्हाने माणसं मारली असं जवळपास म्हणताच येत नाही. तो हळू येत होता, लोक बाजूला होत होते. मारलं ते गवताने.

भेगांमधून लाव्हाबरोबर वायू आला. सल्फर डायऑक्साइडच सुमारे बारा कोटी टन. १९९१ साली फिलिपिन्सच्या पिनातुबोने जगाचं तापमान अर्ध्या अंशाच्या आसपास उतरवलं, त्याच्या सहा-आठ पट. जोडीला फ्लोरिन. तो राखेबरोबर कुरणांवर बसला आणि मेंढ्या, गायी, घोडे ते गवत खात राहिले. योनने जनावरांची जी अवस्था नोंदवली आहे ती वाचवत नाही. सांध्यांवर, जबड्यांवर हाडाच्या गाठी, गळून पडणारे खूर, सोलवटलेली कातडी. यवतमाळकडच्या काही गावांत विहिरी-बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने वाकलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे जास्त सांगावं लागणार नाही. विष तेच. तिथे ते पाण्यातून हळूहळू येतं, इथे एका उन्हाळ्यात आकाशातून आलं.

देशातल्या दहांपैकी आठ मेंढ्या मेल्या. गायी आणि घोडे निम्मे. धान्य जिथे तेव्हा पिकतच नव्हतं अशा देशात मेंढी गेली म्हणजे दूध, मांस, लोकर, सगळंच गेलं. लोकांनी चामडी उकडून खाल्ली. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती होती, त्यातली पाचवा हिस्सा माणसं संपली. या काळाला आइसलँडच्या भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘धुरकटाचे हाल’. आगीचे नव्हे, धुरकटाचे. नाव ठेवणाऱ्यांना नेमकं काय झालं ते कळलं होतं.

हे धुरकट आइसलँडपुरतं राहिलं असतं तर मी कदाचित इतक्या लांब आलो नसतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात ते प्राग, बर्लिन, पॅरिसला पोचलं, लगोलग इंग्लंडला. सेलबोर्न या खेड्यात गिल्बर्ट व्हाइट नावाचा निसर्गवेडा पाद्री होता. त्याने भर दुपारचा सूर्य ढगाआडच्या चंद्रासारखा निस्तेज असल्याचं आणि जमिनीवर गंजक्या रंगाचा उजेड पडल्याचं टिपलं आहे. खाटकाचं मांस दुसऱ्या दिवशी खाण्याजोगं राहत नव्हतं. कारण, आणि ही यातली विचित्र बाब, तो जुलै भयंकर उकाड्याचा होता. मध्य इंग्लंडच्या नोंदींत १७८३ चा जुलै पुढची दोनशे वर्षं सर्वांत उष्ण राहिला, १९८३ मध्ये तो विक्रम मोडला. मग आला तो हिवाळा हाडं गोठवणारा. न्यू ऑर्लिन्सला मिसिसिपी गोठली. इंग्लंडमध्ये त्या उन्हाळ्याच्या अखेरीस आणि हिवाळ्यात नेहमीपेक्षा वीसेक हजार मृत्यू जास्त झाले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

त्या वेळी बेंजामिन फ्रँकलिन अमेरिकेचा वकील म्हणून पॅरिसजवळ राहत होता. त्याने भिंगाने सूर्यकिरण एकवटून कागद पेटवून पाहिला, तो धड पेटेना. १७८४ मध्ये त्याने लिहिलं, की या धुरकटाचं मूळ आइसलँडचा ज्वालामुखी असू शकेल आणि कडक हिवाळाही त्यामुळेच असेल. ज्वालामुखी आणि हवामान यांची गाठ घालणारा पहिला माणूस म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. पण माँपेलियेच्या मूर्ग द माँत्रदाँ या गृहस्थाने १७८३ च्या ऑगस्टमध्येच आइसलँडकडे बोट दाखवलं होतं. फ्रँकलिन प्रसिद्ध, हा अप्रसिद्ध. बाकी काही फरक नाही.

माथ्यावर वाऱ्याच्या आडोशाला बसून आम्ही डब्यातले पराठे खाल्ले. मी भाच्याला म्हटलं, आठ जून म्हणजे आपल्याकडे मृगाचे दिवस. तो म्हणाला, “म्हणजे इकडे हे फुटलं तेव्हा तिकडे लोक ढगांकडे बघत बसले होते.” अगदी तसंच.

मोसमी वारे येतात ते जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. उत्तर गोलार्धाच्या वरच्या भागात गंधकाम्लाच्या बारीक थेंबांचा पडदा पसरला, ऊन परत फिरलं, जमीन पुरेशी तापली नाही आणि आफ्रिका व आशियाचा पाऊस दुबळा झाला, असं संगणकावरच्या प्रतिकृती दाखवतात. नाईल नदीचा पूर त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी तुटपुंजा आला. तेव्हा इजिप्तमध्ये फिरणाऱ्या व्होल्ने या फ्रेंच प्रवाशाने लिहिलंय, की देशाची एक षष्ठांश लोकसंख्या गेली. आणि उत्तर हिंदुस्थानात दिल्ली, पंजाब, राजपुताना, अवध या मुलखात पडला तो चालीसा दुष्काळ. विक्रम संवत १८४० चा, म्हणून चालीसा. इंग्रज-मराठ्यांमधला सालबाईचा तह होऊन वर्षच झालं होतं आणि महादजी शिंदे उत्तरेचं राजकारण जुळवत होते. १७८४ च्या अखेरीस बादशहा शाह आलमने त्यांना वकील-ए-मुतलक, म्हणजे बादशाहीचा सर्वाधिकारी केलं. महादजींच्या, म्हणजे पाटीलबाबांच्या, हाती जी बादशाही आली तिचा मुलूख या दुष्काळाने उजाड केलेला होता. वसूल कुठून यायचा आणि फौजेचा पगार कशातून भागायचा? आपल्याकडच्या इतिहासात महादजींच्या पैशाच्या ओढाताणीबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, पण त्या दोन वर्षांच्या आभाळाबद्दल फारसं नाही.

इथे मी थोडा हात आखडता घेतो. चालीसाचं सगळं खापर लाकीवर फोडता येणार नाही. त्या सुमाराला एल निन्योही होता असं काही शास्त्रज्ञ मानतात, काही ठिकाणी पाऊस आदल्या वर्षापासूनच कमी होता आणि लढायांनी पिळलेली गावं थोड्या अवर्षणानेही मोडतात. त्या कडक हिवाळ्याबद्दलही असाच वाद आहे. पण लाकीमुळे फ्रेंच राज्यक्रांती झाली, हे जे चवीने सांगितलं जातं ते मला मुळीच पटत नाही. फ्रान्सचं पीक बुडालं ते १७८८ मध्ये, आधी अवर्षणाने आणि मग १३ जुलैच्या प्रचंड गारपिटीने. तोवर लाकीचं धुरकट खाली बसून चार वर्षं होऊन गेली होती. ज्वालामुखीला इतिहासात जागा द्यावी, सिंहासन देऊ नये.

मात्र हे सगळं जुनं झालं, असंही समजू नका. २०१४ च्या ऑगस्टपासून सहा महिने होलुह्रोइनला अशीच भेग फुटली आणि ८५ चौरस किलोमीटर लाव्हा पसरला. ती लाकीची धाकटी बहीण. २०१० मध्ये एयाफ्यातलायोकुलच्या राखेने युरोपची विमानं जमिनीवर बसवली, त्यानंतर ब्रिटिश सरकारने आपल्या राष्ट्रीय धोक्यांच्या यादीत लाकीसारख्या उद्रेकाचा समावेश केला. यादीत नाव आलं म्हणजे काय होणार, हे आपण भारतीयांनी कुणाला विचारायला नको.

संध्याकाळी परत क्लोइस्तुरला. येताना नद्या जरा फुगल्या होत्या, पण आता आम्ही सराईत झालो होतो. गावात एक छोटं, साधं स्मारक-चर्च आहे, १९७४ मध्ये योन पाद्र्याच्या नावे उभारलेलं. जवळच जुनी दफनभूमी. मूळचं चर्च एकोणिसाव्या शतकात दुसरीकडे गेलं, फक्त जागा उरली आहे. त्याच जागी २० जुलै १७८३ च्या रविवारी योनने ते प्रसिद्ध प्रवचन केलं. लाव्हा गावापासून दोनेक किलोमीटरवर आला होता. बाहेर विजा, गडगडाट, धूर. लोकांना वाटलं, ही शेवटचीच प्रार्थना. योनने घाई केली नाही, नेहमीपेक्षा जराही कमी न करता सगळं म्हटलं. बाहेर येऊन पाहतात तो लाव्हा पुढे सरकलेला नव्हता. जिथल्या तिथे थर चढत राहिले. तेव्हापासून तो ‘आगीचा पाद्री’ झाला, ते प्रवचन ‘आगीचं प्रवचन’.

योन स्वतः प्रामाणिक. त्याने हेही लिहून ठेवलं, की अडलेल्या होल्त्साउ आणि फ्याद्राउ या नद्यांचं पाणी लाव्हावर उलटलं आणि तो थिजला. या फ्याद्राउची घळ अलीकडे एका गाण्याच्या व्हिडिओमुळे जगप्रसिद्ध झाली. इतकी, की तुडवलेलं शेवाळ सावरावं म्हणून २०१९ मध्ये ती काही काळ बंद ठेवावी लागली. तिथे गाडी लावायला जागा नव्हती. दफनभूमीत आम्ही दोघंच.

पण मी इथवर आलो होतो ते प्रवचनासाठी नाही. पुढच्या वर्षी, १७८४ मध्ये, योन मदत मागायला बेसास्तादिरला राज्यपालांकडे गेला. तोवर त्याची बायको थोरुन हाल सोसत खंगत चालली होती, आणि त्याच वर्षी ती गेली. राज्यपालांनी त्याच्याकडे ६०० रिक्सडालर सीलबंद करून दिले, डॅनिश राजाच्या तिजोरीतले (आइसलँड तेव्हा त्याच्याच अमलाखाली), वीकच्या अधिकाऱ्याला नेऊन द्यायला. वाटेत त्याला आपल्या भागातली माणसं भेटली. त्यांना जनावरं घ्यायला पैसे आत्ता हवे होते, सही-शिक्के होऊन महिन्याने नकोत. योनने सील फोडलं आणि त्यातले पैसे वाटले.

सरकारने याची जी दखल घेतली ती फार ओळखीची वाटते. सील फोडलं म्हणून त्याच्यावर ठपका आला, दंड झाला आणि जाहीर माफी मागावी लागली. पैसे कुणी खाल्ले असं कुणाचंच म्हणणं नव्हतं. “हा आमच्या कोपनहेगनचा कारभार,” भाचा म्हणाला. मी म्हटलं, “कोपनहेगनचाच कशाला?”

योन १७९१ मध्ये गेला. त्याच्या आणि थोरुनच्या थडग्यावर बेसॉल्टचा एक षट्कोनी खांब आहे, गावाच्या कडेच्या त्या ‘फरशी’तल्या खांबांसारखाच. प्रवचनाने लाव्हा थांबला की नदीने, यावर वाद घालता येतो. सील त्याने स्वतःच्या हाताने फोडलं होतं.